सेरेंडिपिटीला 'योगायोग' म्हणावं का?

ओसरी

नमस्कार मंडळी. विज्ञानातल्या शोधांवरच्या एका इंग्रजी पुस्तकाचा अनुवाद हातात आहे आणि त्यात दर दोन-चार पानांनी 'सेरेंडिपिटी' हा शब्द आडवा येतो. संपादकांचं म्हणणं, सरळ 'योगायोग' लिहा आणि पुढे चला. माझं घोडं तिथेच अडतं. एसटी स्टँडवर शाळेतली मैत्रीण कित्येक वर्षांनी भेटली, तर तो योगायोग. पण १९२८ साली पेनिसिलिनवाला फ्लेमिंग सुट्टीवरून परत आला, जंतू वाढवलेल्या एका बशीत बुरशी चढलेली दिसली, आणि त्या बुरशीभोवतीचे जंतू नाहीसे झालेत हे त्याच्या नजरेत भरलं. याला नुसता योगायोग म्हटलं तर फ्लेमिंगच्या वाट्याला काय उरलं? बुरशी काय, दर पावसाळ्यात माझ्या ब्रेडवरही असते.

शब्द मुळात आला कुठून आणि मराठीत त्याला काय म्हणावं, दोन्हींवर जाणकारांनी लिहावं. कोशातले अर्थ व्याख्येसारखे लांबलचक आहेत, वाक्यात घातले की वाक्य कोलमडतं.

ब्रह्मघोटाळा

'लागली लॉटरी' घ्या. (पळतो आता, ताई लाटणं घेऊन येतील.)

मोडी लिपिक

लॉटरी चालणार नाही हो. तिकीट काढणारा बक्षिसाच्याच आशेवर असतो. या शब्दाच्या जन्मदात्याची अट नेमकी उलटी आहे: जे मिळालं, ते शोधायला आपण निघालेलोच नव्हतो.

जन्मदाता होरेस वॉलपोल. इंग्लंडचा पहिला पंतप्रधान मानतात त्या रॉबर्ट वॉलपोलचा धाकटा मुलगा. पैशाची ददात नाही, ट्विकनहॅमला 'स्ट्रॉबेरी हिल' नावाचा गॉथिक थाटाचा बंगला, जुन्यापान्या वस्तूंचा षौक आणि पत्रं लिहिण्याचं व्यसन. येल विद्यापीठाने त्याचा पत्रव्यवहार छापला तो ४८ खंडांत मावला. बरीच पत्रं आहेत होरेस मान याला लिहिलेली. हा मान फ्लॉरेन्सच्या दरबारात ब्रिटिशांचा वकील होता (वकील पेशवाईतल्या अर्थाने, कोर्टातला नव्हे).

मानने त्याला एक चित्र भेट पाठवलं. चित्रातली बाई बियांका कापेल्लो, व्हेनिसच्या घराण्यातली, लग्न करून तोस्कानाची ग्रँड डचेस झालेली. वॉलपोलला तिच्या माहेरची निशाणी, म्हणजे कुलचिन्ह, हवी होती, आणि ती त्याला व्हेनिसच्या घराण्यांच्या निशाण्यांच्या एका जुन्या पुस्तकात मिळाली. त्यात कापेल्लोंच्या दोन निशाण्या निघाल्या आणि एकीवर निळ्या गोळ्यात लिलीचं फूल होतं. हे फूल सासरच्या मेदिची घराण्याकडून या सोयरिकीमुळे आलं असणार, असा त्याने तर्क बांधला आणि स्वारी खूश झाली. २८ जानेवारी १७५४ च्या पत्रात मानला कळवताना तो लिहितो की मी याला सेरेंडिपिटी म्हणतो. मग खुलासा: 'सेरेंडिपचे तीन राजपुत्र' नावाची एक बावळट परीकथा मी वाचली होती, हे राजपुत्र प्रवासात, आपण शोधत नसलेल्या गोष्टी अपघाताने आणि चतुराईने सारखे शोधून काढत.

अपघाताने आणि चतुराईने. ओसरीताई, तुमचं घोडं अडतं ते या 'आणि'वर. 'योगायोग'मध्ये पहिलं अर्धं येतं, दुसरं गळून पडतं.

काटेसावर

छान प्रतिसाद. सेरेंडिपबद्दल मी भर घालते. हा सेरेंडिप म्हणजे आपला सिंहलद्वीप. संस्कृत सिंहलद्वीप, पालीत सीहळदीप, अरब खलाश्यांच्या तोंडी सरनदीब. सिंदबादसुद्धा एका सफरीत सरनदीबला जाऊन येतो.

गोष्ट मात्र सिंहलहून थेट लंडनला गेलेली नाही, तिने भलताच वळसा घेतलाय. वॉलपोलच्या लहानपणी, १७२२ मध्ये, ती इंग्रजीत आली फ्रेंचवरून. फ्रेंच पुस्तक १७१९ चं, ते इटालियनवरून. इटालियन पुस्तक व्हेनिसमध्ये १५५७ साली छापलं गेलं. ते क्रिस्तोफोरो आर्मेनो नावाच्या गृहस्थाने फारसीवरून केलं असं पुस्तकच सांगतं. आणि फारसीत ही गोष्ट सांगणारा कोण? आपला अमीर खुसरो! त्याच्या 'हश्त बिहिश्त'मध्ये, म्हणजे साधारण १३०२ च्या सुमारास, दिल्लीत. खुसरोने आराखडा घेतला आधीचा फारसी कवी निजामी याच्या 'हफ्त पैकर'वरून, पण सरनदीबचे राजपुत्र निजामीकडे नाहीत.

म्हणजे अलाउद्दीन खिलजी तख्तावर असताना दिल्लीत लिहिलेली गोष्ट व्हेनिस आणि फ्रान्समार्गे लंडनला पोचली आणि तिथून इंग्रजी शब्द होऊन आपल्याकडे परत आली.

ब्रह्मघोटाळा

थांबा थांबा. सिलोन हे नावही सिंहलवरूनच ना, पोर्तुगीजांच्या तोंडून? म्हणजे रेडिओ सिलोन आणि सेरेंडिपिटी एकाच घरच्या लेकी! बुधवारी रात्री बिनाका गीतमाला लावायला बसायचं आणि खरखरीतून भलतंच काहीतरी सुंदर लागायचं, तेव्हा आम्ही सेरेंडिपिटीच करत होतो तर.

पायवाट

गोष्ट काय आहे ती कुणी सांगेल का? सगळे नावच घेताय.

काटेसावर

सांगते. राजाचे तीन मुलगे, शिकूनसवरून तयार झालेले. जग बघा म्हणून बाप त्यांना बाहेर काढतो. वाटेत उंट हरवलेला एक माणूस भेटतो आणि विचारतो, पाहिलात का? तिघं सांगतात, तुझा उंट एका डोळ्याने आंधळा, त्याचा एक दात पडलेला, आणि एका पायाने लंगडा. त्याच्या पाठीवर एका बाजूला लोणी, दुसऱ्या बाजूला मध. वर बाई बसलेली, तीही गरोदर. एवढं सगळं सांगून वर म्हणतात, पण उंट काही आम्ही पाहिला नाही बुवा. साहजिकच चोरीच्या आळाखाली राजापुढे उभे. तुरुंगात पडतात, पुढे उंट सापडतो तेव्हा सुटतात. मग राजा विचारतो, कळलं कसं?

रस्त्याच्या एका कडेचं गवत निकृष्ट, तरी तेवढंच खाल्लेलं. दुसरीकडचं चांगलं तसंच. म्हणजे त्या बाजूचा डोळा नाही. वाटेवर अर्धवट चावलेल्या गवताचे गोळे पडलेले, दाताच्या मापाचे, म्हणजे फटीतून निसटलेले. तीन पावलांचे ठसे आणि चौथा पाय फरपटल्याची रेघ. एका कडेला मुंग्यांची रांग (लोणी सांडलं), दुसऱ्या कडेला माश्या (मध). उंट बसला तिथे लहान पावलाचा ठसा, आणि शेजारी दोन्ही तळहात टेकून उठल्याच्या खुणा, म्हणजे पोटात भार. मूळ गोष्टीत ती बाईच होती हे ठरवण्याची जी रीत दिली आहे ती इथे लिहिली तर धागा उडेल.

अवांतर: अशाच धाटणीची गोष्ट ज्यूंच्या तालमुदातही आहे, तिथे उंटावर दारू आणि तेलाचे बुधले आहेत. आणि आपल्याकडे जैनांच्या नंदीसूत्रावरच्या टीकांमध्ये 'वैनयिकी बुद्धी'चं (गुरूपाशी शिकून आलेल्या बुद्धीचं) उदाहरण म्हणून दोन शिष्य येतात. पावलांवरून एक शिष्य ओळखतो की हत्तीण गेली, एका डोळ्याने आंधळी, आणि वर बसलेली राणी गरोदर आहे. उंटाऐवजी हत्तीण, एवढाच फरक.

शिवेवरचा दगड

हा प्रकार आपल्याकडे नुसता कथेत नाही, कामकाजातही होता. 'माग काढणे' हा शब्दप्रयोग आज पोलीस बातम्यांत गुळगुळीत झालाय, पण पेशवाईत आणि नंतरही गावच्या जागल्याची, रामोश्याची ती नोकरी होती. चोरी झाली की त्याने पावलांचा माग धरायचा. माग दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन तिथल्या राखणदाराच्या हवाली केला की जबाबदारी त्या गावावर. माग हरवला तर भरपाई स्वतःच्या गळ्यात. एल्फिन्स्टनने १८१९ च्या दख्खनवरच्या अहवालात ही पद्धत नोंदवली आहे. राजपुत्रांना जे शहाणपण म्हणून मिरवता आलं, ते इथे वतनाच्या तुकड्यावर जगणाऱ्या माणसाला रोज करावं लागायचं. त्याच्या नावाने कुठल्या भाषेत शब्द झाला नाही, ते जाऊ दे.

उलटतपासणी

सगळं वाचलं, मजा आली. पण पंचाईत अशी आहे की वॉलपोलने दिलेली उदाहरणं त्याच्याच व्याख्येत बसत नाहीत.

उंटाचंच घ्या. वॉलपोलने तर त्याचं खेचर करून टाकलंय, आठवणीवर लिहिलं की असं होतं. बरं, राजपुत्रांना अपघाताने मिळालं काय? तुरुंग. गवत बघून उंट ओळखणं हा निखळ तर्क झाला, त्यात नशिबाची फोडणी कुठे? याच वळणाची गोष्ट व्हॉल्तेअरच्या 'झादिग'मध्ये आहे, १७४७ ची, तिथे राणीची कुत्री आणि राजाचा घोडा आहे. त्यावरून जीवशास्त्रज्ञ हक्स्लीने १८८० मध्ये 'झादिगची पद्धत' असं भाषणच दिलं: भूगर्भशास्त्र, पुराजीवशास्त्र हे सगळं खुणांवरून मागे जाणं आहे, म्हणून. हे शेरलॉक होम्सचं खानदान झालं, पेनिसिलिनचं नव्हे.

कापेल्लोंची निशाणी? ती तर त्याला हवीच होती. हवी ती वस्तू पुस्तकात मिळाली, यात 'शोधत नसलेली' कुठे आली? पत्रात त्याचा डौल असा, की मला जे लागेल ते जिथे हात घालीन तिथे मिळतं.

त्यातल्या त्यात जमलेलं उदाहरण तिसरं आहे, आणि त्याकडे सहसा कुणी बघत नाही. लॉर्ड शाफ्ट्सबरी हे क्लॅरेंडनच्या घरी जेवायला गेले. जेवताना पाहिलं की क्लॅरेंडनची बायको स्वतःच्या मुलीलाच वाढताना फार अदबीने वागतेय. तिथल्या तिथे ओळखलं की पोरीचं राजाच्या भावाशी, ड्यूक ऑफ यॉर्कशी, गुपचूप लग्न लागलंय. गेले होते जेवायला, उठले राज्यातलं गुपित घेऊन. याला म्हणतात सेरेंडिपिटी.

ओसरी

उलटतपासणी, हे फारच भारी. आणि हे आपल्या कुठल्याही लग्नघरात रोज घडतं. पंगतीत कोण कुणाला आग्रह करतंय यावरून आमच्या मावश्या अख्खं राजकारण सांगतात.

खडूफळा

शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त, मुक्काम पिंपरी. पेनिसिलिनचा विषय निघाला म्हणून लिहितो, कारण हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या भोंग्यावर आमच्या घरातलं घड्याळ लागायचं. हा कारखाना १९५४ चा, देशातला या प्रकारचा पहिला सरकारी.

पाठ्यपुस्तकं फ्लेमिंगची गोष्ट बशीपाशी संपवतात, ती मुलांना मी पुढे सांगायचो. मागेही न्यायचो. बशीच्या सहा-सात वर्षं आधी याच फ्लेमिंगने नाकातल्या स्रावात जंतू विरघळवणारं द्रव्य शोधलं होतं, लायसोझाइम. म्हणजे 'जंतू मेलेली जागा' ओळखायला त्याची नजर सरावलेली होती. पाश्चरने फ्रान्सातल्या लिल शहरात १८५४ साली म्हटलं होतं की निरीक्षणाच्या क्षेत्रात दैव फक्त तयार मनांनाच साथ देतं. पाश्चरचं हे वाक्य सगळे देतात, पण तयारी म्हणजे काय ते या नाकाच्या शेंबडाने कळतं!

आणि पुढे काय, तर फ्लेमिंगला ते द्रव्य शुद्ध स्वरूपात काढता आलं नाही. ते ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी १९४० च्या आसपास केलं, आणि बुरशी वाढवायला भांडी कमी पडली म्हणून रुग्णालयातली बेडपॅन वापरली. यात अपघात शून्य, नुसती हमाली. १९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी, चेन तिघांत वाटलं गेलं, हीटलीला नाही.

शिवाय हमालीचं आमच्या गावचं उदाहरण द्यायला हवं. याच पिंपरीच्या कारखान्यातल्या संशोधकांनी बुरशीच्या रोगांवर चालणारं हॅमायसिन हे औषध शोधलं. ते तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवाचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना! माती आणायची, जंतू वाढवायचे, एकेक तपासायचा, ही रीत. जे शोधत होते तेच मिळालं, म्हणून याला कुणी सेरेंडिपिटी म्हणत नाही आणि याची गोष्टही कुणी सांगत नाही.

भटकभवानी

मग दायमाबादला काय म्हणाल? प्रवरेकाठचं ताम्रपाषाणयुगीन गाव, अहिल्यानगर जिल्ह्यात. १९७४ मध्ये एक भिल्ल मजूर झाडाचं मूळ खणत होता, जळणासाठी. खाली निघाली चार भरीव शिल्पं, सगळी मिळून साठ किलोंच्या वर: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ. रथात उभा माणूस, आणि दांडीवर चक्क कुत्रा! इतकं डौलदार कुत्रं मी दुसऱ्या कुठल्या प्राचीन वस्तूत पाहिलेलं नाही. निघाला होता जळण शोधायला आणि मिळालं हे. शोधत नव्हता, अट पुरी!

मोडी लिपिक

माझ्या मते हे घबाड. चतुराईचं अंग त्याच्या गोष्टीत दिसत नाही, आणि त्यात त्याचा कमीपणाही नाही. चाकं लावलेली भरीव वस्तू वर आली की ती महत्त्वाची आहे हे कुणालाही कळतं.

अजिंठ्याचंही तेच, फक्त उलट्या पायाचं. जॉन स्मिथ हा मद्रासच्या घोडदळातला अधिकारी १८१९ च्या एप्रिलमध्ये वाघाच्या शिकारीला गेला आणि दरीपलीकडे लेण्याची कमान दिसली, ही गोष्ट सगळ्यांना पाठ. आसपासच्या लोकांना लेणी ठाऊक होतीच, वाट त्यांनीच दाखवली. साहेबाने काय केलं, तर दहाव्या लेण्यातल्या खांबावर, रंगवलेल्या चित्रावरच, स्वतःचं नाव आणि तारीख कोरली. आज ते नाव डोक्याच्याही वर दिसतं, कारण तेव्हा लेण्यात गाळ साचलेला होता आणि हा त्या ढिगावर उभा होता. अपघात शंभर टक्के, चतुराई काय ती खांबावर दिसतेच. अजिंठ्याची किंमत ओळखणारे नंतर आले: वास्तुकलेचा अभ्यासक जेम्स फर्ग्युसन, आणि १८४४ पासून चित्रांच्या नकला करायला नेमलेला रॉबर्ट गिल.

भटकभवानी

घबाड मान्य. स्मिथबद्दल तर दंडवत.

एडिसनकर

उशिरा आलो. मी न्यू जर्सीत राहतो, होमडेलचा तो शिंगाच्या आकाराचा अँटेना इथून फार लांब नाही, एका रविवारी मुलांना घेऊन गेलो होतो. खडूफळा सरांच्या 'तयार मना'ला एक आक्षेप नोंदवतो.

१९६४ मध्ये पेंझियास आणि विल्सन हे बेल लॅब्ज या कंपनीचे दोन शास्त्रज्ञ या अँटेनावर काम करत होते. यंत्रात एक बारीक खरखर, अँटेना आकाशात कुठेही रोखा, तेवढीच. साडेतीन केल्विन. त्यांनी तारा तपासल्या, सांधे तपासले, शिंगात कबुतरांनी घरटं केलं होतं ते काढून शीट खरवडली. खरखर तशीच. आणि तासाभराच्या अंतरावर प्रिन्स्टनमध्ये डिकी आणि मंडळी विश्वाच्या जन्माची हीच ऊब पकडायला मुद्दाम यंत्र बांधत होती! तयार मन प्रिन्स्टनला, आणि नोबेल १९७८ मध्ये होमडेलला. दोघांना आपल्याला काय सापडलंय हे प्रिन्स्टनशी फोन झाल्यावरच कळलं.

मग चतुराई कुठली? तर खरखर 'असेल काहीतरी' म्हणून सोडून दिली नाही, एवढीच. मला तर वाटतं, चतुराईपेक्षा तो चिकट खवचटपणा आहे.

ओसरी

हे पटलं. आता शब्दाकडे वळूया का? आतापर्यंत व्यक्तिगत निरोपांतून आणि इथे आलेले: यदृच्छालाभ, दैवयोग, सुयोग, अवचितलाभ.

काटेसावर

'यदृच्छालाभ' गीतेतला आहे, चौथा अध्याय. 'आपसूक मिळेल त्यात संतुष्ट' हा त्याचा रोख. पेंझियास-विल्सन संतुष्ट असते तर कबुतरांवर खापर फोडून घरी गेले असते. सुयोग म्हणजे लग्नपत्रिका. अवचितलाभ त्यातल्या त्यात गोड आहे, पण चतुराई तिथेही नाही.

उलटतपासणी

आपल्याकडे न्यायांची, म्हणजे दृष्टान्तांची, अख्खी फौज आहे की. काकतालीय: कावळा बसायला आणि ताडफळ पडायला. अंधचटक: आंधळ्याने टाळी वाजवली आणि चिमणी हाती लागली. घुणाक्षर: भुंग्याने लाकूड पोखरलं आणि अक्षर उमटलं.

मोडी लिपिक

तिन्हींत कर्त्याला काही कळत नाही. कावळ्याला फळ नको होतं, भुंग्याला लिहिता येत नाही. पण घुणाक्षरात एक जागा रिकामी आहे, ती कुणी बघत नाही. भुंग्याने अक्षर कोरलं, हे म्हणणार कोण? ज्याला अक्षरओळख आहे तोच. निरक्षराला तिथे नुसतं कीड लागलेलं लाकूड दिसेल. भुंगा हा अपघात आणि वाचणारा ही चतुराई, म्हणजे वॉलपोलची दोन्ही अर्धी एका तुळईवर. मी अनुवादक असतो तर 'फ्लेमिंगला घुणाक्षर वाचता आलं' असं लिहिलं असतं.

पायवाट

सुंदर आहे, पण घुणाक्षर म्हणजे काय हे आजच्या वाचकाला सांगायला तळटीप लागेल. मग सेरेंडिपिटी काय वाईट? ट्रॅफिक, टेन्शन पचवलं, हेही पचेल.

ब्रह्मघोटाळा

शितावरून भात ओळखणारा कावळा. घ्या, दोन्ही अर्धी आली.

ओसरी

सगळीकडे एकच शब्द लावायचा हट्ट मी सोडतेय. जिथे नुसतं नशीब आहे (लेखक बऱ्याचदा तसाच ढिसाळ वापरतो) तिथे 'अवचित हाती लागलं'. जिथे ओळखणाऱ्याची करामत आहे तिथे क्रियापद वापरणार: 'माग लागला', 'हेरलं', 'वाचता आलं'. आणि पहिल्यांदा शब्द येईल तिथे सेरेंडिपिटी ठेवून खाली उंटाची गोष्ट, बाईची खूण वगळून.

मोडी लिपिक

उत्तम. एक पुरवणी: वॉलपोलची ही पत्रं १८३३ मध्ये छापली गेली, तरी शब्दाकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. १८७५ मध्ये एडवर्ड सॉली या पुस्तकप्रेमी रसायनतज्ज्ञाने 'नोट्स अँड क्वेरीज' या नियतकालिकात तो उचलून धरला तेव्हा कुठे चलनात आला. तेही नियतकालिक आपल्या धाग्यांसारखंच: वाचक शंका विचारणार, वाचकच उत्तरं देणार. १९९८ मध्ये विल्यम बॉइड या कादंबरीकाराने विरुद्धार्थी शब्दही केला, झेम्ब्लॅनिटी, नोव्हाया झेम्ल्या या गोठलेल्या बेटांवरून. स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेलं, अटळ दुर्दैव.

पायवाट

एडिसनकर, त्या कबुतरांचं पुढे काय झालं?

एडिसनकर

जोडी होती. सापळ्यात पकडून कंपनीच्या टपालातून व्हिपनीच्या कार्यालयात पाठवली, तिथे सोडली. घराकडे परतणारी जात, आली परत. शेवटी गोळी घातली. सापळा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहे.

ब्रह्मघोटाळा

म्हणजे कबुतरांच्या बाजूने बॉइडसाहेबांचा शब्द लागू. ताई, त्यालाही मराठी शोधायचंय का, की नवीन धागा काढू?